इंजिनाचा वाद आणि तिसरे चाक



जिल्ह्याच्या बैठकांत कापसाच्या भावाखालोखाल आवाज चढतो तो तीनचाकीच्या विषयावर. शेतात जाणारी, पांदणीतून कापूस आणि कडबा बाहेर काढणारी तीनचाकी घ्यायची, तर टू-स्ट्रोक इंजिनाची घ्यावी की फोर-स्ट्रोक? एक बाजू म्हणते, जुन्या बाजारात टू-स्ट्रोक स्वस्तात मिळते, ओढ चांगली आहे, गावातला मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. दुसरी बाजू म्हणते, कर्ज पडले तरी चालेल, पण फोर-स्ट्रोकच घ्या, पेट्रोल वाचते. दोन्ही बाजूंना जाणकार आहेत आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे खोटे नाहीत.

आमचे म्हणणे असे की इंजिनाच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आम्ही खाली देतो. पण गाडी घेणाऱ्याचे घर त्या उत्तरावर तरत नाही की बुडत नाही. भरलेली गाडी उलटते ती इंजिनामुळे नाही, तिला चाके तीन आहेत म्हणून. गाडी फसते ती स्ट्रोक दोन की चार यामुळे नाही, पांदण नाही म्हणून. विकणाऱ्याला आपण इंजिनावर भांडलेले परवडते. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी त्याची गाडी खपतेच. चाकांविषयी आणि रस्त्याविषयी मात्र कुणी विचारलेले त्याला परवडत नाही, पुढाऱ्यालाही नाही.

इंजिनाचा निकाल

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून त्याच मापाच्या टू-स्ट्रोकची ताकद जास्त आणि वजन कमी. व्हॉल्व्ह नाहीत, सुटे भाग थोडे, खोलायला सोपे. हे गुण आम्ही मान्य करतो.

आता दोष बघा. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारे पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रणच जळालेला धूर बाहेर ढकलते. आत यायची आणि बाहेर जायची अशी दोन्ही दारे काही क्षण एकदमच उघडी असतात. त्या वेळात न जळालेले पेट्रोल धुराबरोबर निघून जाते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात असा पाचवा हिस्सा, कधी चौथा हिस्सा वाया जातो. तिफणीच्या चाड्यातली दर पाचवी मूठ धुऱ्यावर टाकणाऱ्याला आपण काय म्हणू? महिन्याला ४० लिटर जाळणाऱ्याने पाचव्या हिश्श्याने ८ लिटर धरावे आणि लिटरला शंभर रुपयांनी हिशेब करावा. आठशे रुपये महिना धुराड्यातून गेले.

दुसरा दोष वंगणाचा. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबर मिळते, लिटरमागे साधारण २० मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग काळा होतो आणि गाडी ऐन चढावर बंद पडते. नाल्याच्या उतारावर आपण ॲक्सिलरेटर सोडतो तेव्हा पेट्रोल कमी होते आणि त्याच्याबरोबर तेलही कमी होते. शिवाय उतारावर गियरमध्ये गाडी धरून ठेवण्याची ताकद टू-स्ट्रोकमध्ये कमी. फोर-स्ट्रोक उतारावर मागे ओढते, टू-स्ट्रोक मोकळी सुटते. मग सगळा भार ब्रेकवर, आणि चिखलाने भरलेल्या ब्रेकचा भरवसा कुणी द्यावा?

तिसरा दोष ओढीचा. टू-स्ट्रोकची ओढ इंजिन जोरात फिरत असेल तेव्हाची आहे. आपल्याला ओढ हवी असते ती हळू चालताना, पाच क्विंटल लादून, मऊ जमिनीत. तिथे टू-स्ट्रोकवाला क्लच अर्धा दाबून इंजिन ओरडवत नेतो आणि मग क्लचप्लेटा बदलतो. उन्हाळ्यातली धूळ हा चौथा दोष. टू-स्ट्रोकमध्ये हवा क्रँकच्या पेटीतूनच वर जाते. जाळी फाटकी असेल तर धूळ सिलिंडरबरोबर बेअरिंगही खाते.

फोर-स्ट्रोक बिनदोष नाही. तिचे तेल वेळेवर बदलावे लागते, व्हॉल्व्हचे अंतर बघावे लागते, हेड उघडायला मिस्त्री जाणता लागतो आणि बिल मोठे येते. ज्याला तेलाची पट्टी बघायचाही कंटाळा आहे त्याच्या हातात फोर-स्ट्रोक टिकत नाही. पण हळू आणि लादून काम घ्यायचे असेल तर फोर-स्ट्रोकच बरी, हा आमचा निकाल. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे प्रदूषण नियम लागू झाल्यावर नव्या मालवाहू तीनचाकीत टू-स्ट्रोक जवळजवळ उरलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या जुन्या रिक्षा हटवण्याचा आदेश दिला तो जुलै १९९८ मध्ये. शहराला नकोसे झालेले यंत्र स्वस्त होते, आणि स्वस्त झालेले यंत्र खेड्याकडे येते. आज टू-स्ट्रोक घेणे म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेली गाडी घेणे.

इंजिनाचा वाद आमच्या लेखी इथे संपला.

अमेरिकेने हा वाद आधी घातला आहे

शेतात, माळावर, वाळूत चालणारी तीनचाकी ही आपल्याकडची नवलाई नव्हे. जपानच्या होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत एक तीनचाकी आणली. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये मोटारसायकलसारखी बैठक, आणि फुग्यासारखे रुंद मऊ टायर. त्या टायरांत हवेचा दाब इतका कमी की गाडी बर्फावर आणि दलदलीवर तरंगल्यासारखी जायची. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक होते. पुढे शर्यतीच्या हौशीसाठी १९८१ साली त्याच कंपनीने अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक तीनचाकी काढली. कावासाकी आणि यामाहा यांनीही टू-स्ट्रोक तीनचाक्या आणल्या. शेतकऱ्यासाठी मात्र होंडाने १९८२ मध्ये 'बिग रेड' नावाची गाडी काढली. तिला पुढेमागे सामान बांधायचे कठडे होते आणि इंजिन फोर-स्ट्रोक होते. म्हणजे कामाला फोर-स्ट्रोक आणि खेळाला टू-स्ट्रोक, ही वाटणी बनवणाऱ्यानेच करून ठेवली होती.

पुढचा भाग विक्रेता सांगत नाही. या गाड्या उलटू लागल्या. शेकडो माणसे मेली, हजारो जायबंदी झाली, आणि त्यांत कोवळी मुले फार होती. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने चौकशी केली, सरकार न्यायालयात गेले आणि १९८८ साली तडजोडीचा हुकूमनामा झाला. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या कंपन्यांनी नव्या तीनचाक्यांची विक्री थांबवायचे कबूल केले. थांबली ती टू-स्ट्रोकही आणि फोर-स्ट्रोकही. हुकूमनाम्याने इंजिन विचारले नाही, चाके मोजली. पुढे २००८ च्या कायद्याने अशी नवी तीनचाकी तिथे आणण्या-विकण्यावर बंदी घातली गेली. या प्रकारात आज तिथे चारचाकीच विकली जाते.

या हकिकतीतली एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. विक्रेत्यांकडे पडून असलेल्या गाड्या कंपन्यांनी परत घेतल्या, पण ज्यांनी पैसे मोजून गाडी दारात आणली होती त्यांना पैसे परत मिळाले नाहीत. दुकानदार सुटला, घेणारा अडकला. अमेरिकेसारख्या देशात हे झाले. आपली गाडी उद्या निकामी ठरली तर बँक हप्ता माफ करील, या भ्रमात कुणी राहू नये.

तिवा आणि तीनचाकी

विक्रेता म्हणतो, तीन पायांचा तिवा कधी डगमगतो का? उफणणीला आपले बाप-आजे तिव्यावरच उभे राहत होते ना? खरे आहे. खडबडीत जमिनीवर चार पायांचे डगमगते, तीन पायांचे बसते. पण तिवा एका जागी उभा असतो. तो वळत नाही, उतारावरून धावत नाही, ब्रेक मारत नाही.

वाहनाचा तोल असा बघावा. चाके जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू रेघेने जोडा. चारचाकीची चौकट होते, तीनचाकीचा त्रिकोण. गाडी आणि माल यांचे वजन जिथे एकवटते तो बिंदू या आकृतीच्या आत पडतो तोवर गाडी उभी. त्रिकोण पुढच्या बाजूला निमुळता होत जातो. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे सरकते, म्हणजे निमुळत्या भागात येते. तशात वळण घेतले की ते बाजूला ढकलले जाते. चारचाकीला तिथे एक चाक आधाराला असते, तीनचाकीला तिथे काही नसते. नाल्यात उतरताना डावीकडे वळलेली तीनचाकी उजव्या अंगावर का पडते, त्याचे कारण हे आहे.

त्यात आपला माल कसा, तेही बघा. कापूस फुगीर. अर्धा टन वजन भरण्याआधीच हौदा भरतो, मग फळ्या लावून, दोर टाकून माणसाच्या डोक्याच्या वर रास जाते. कडब्याच्या पेंढ्यांचेही तेच. वजन जितके उंच तितका तोल लवकर जातो. अमेरिकन तीनचाकीवरचा माणूस निदान अंग एका बाजूला टाकून तोल सावरू शकत होता. आपल्या मालवाहूतला चालक पत्र्याच्या खोक्यात बसतो, तो काय सावरणार?

कुणी विचारील की शहरात एवढ्या रिक्षा चालतात त्या कशा? त्या डांबरावर चालतात, सपाटीवर चालतात आणि ओझे बुटके असते. डांबरावर तीनचाकीने पोट भरणाऱ्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते हौद्यावर 'शेतकऱ्याची साथी' असे रंगवून तीच गाडी नाल्यात उतरवायला सांगणाऱ्याशी.

आणि या गाडीत फक्त कापूस जात नाही. वेचणीच्या दिवसांत सकाळी पंधरा-पंधरा बाया त्याच हौद्यात उभ्या राहून शेतावर जातात. संध्याकाळी गाठोड्यांवर बसून परत येतात. मालवाहू गाडीत माणसे नेणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमके हेच कारण पुढे करून हात वर करते. किलोवर वेचणीची मजुरी घेणाऱ्या बाईचा हात मोडला तर तिचा हंगाम गेला. गाडीमालक कर्जात, बाई खाटेवर. इंजिन किती स्ट्रोकचे होते हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

चाकोरी दोन, चाके तीन

आमच्या मते सर्वांत सरळ मुद्दा हा आहे, आणि तो पदवीवाल्यांच्या आधी बंडी हाकणाऱ्याला कळतो. पांदणीत बंडीने आणि ट्रॅक्टरने दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात. मध्ये गवताचा उंचवटा. बंडीची दोन्ही चाके दोन चाकोऱ्यांत चालतात. ट्रॅक्टरचीही तशीच. तीनचाकीचे पुढचे चाक नेमके मधल्या उंचवट्यावर येते. ते चुकवायला पुढचे चाक एका चाकोरीत घातले, तर मागचे एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे काठावर चढते आणि गाडी रिकामी असतानाच कलते. आपल्या पांदणी दोन ओळींच्या आहेत आणि ही गाडी तीन ओळींची आहे. हा मेळ कोणते इंजिन घालणार?

टायरही बघून घ्या. होंडाच्या त्या तीनचाकीचे फुगे जमिनीवर वजन पसरवत होते. आपल्या रिक्षाची चाके आठ इंची रिमची, मालवाहूची फार तर दहा-बारा इंची, आणि हवा ठासून भरलेली. काळी माती ओली झाली की फुगते, मऊ होते, चाकाला चिकटते आणि मडगार्डमध्ये गच्च बसते. बंडीचे चाक उंच, म्हणून ते खड्ड्यातून वर येते. लहान चाक खड्ड्यात जाऊन बसते. गाडीवर 'ऑफ-रोड' अशी पट्टी चिकटवल्याने चाक मोठे होत नाही.

बॅटरीवर चालणारी घ्या, असा सल्ला आता येतो. त्यात स्ट्रोकचा वाद मिटतो, धूर मिटतो, पेट्रोलचा खर्चही मिटतो. पण चाके तीनच राहतात आणि पांदण आहे तिथेच राहते.

हिशेब कुणाच्या सोयीचा?

समजा पाच एकर कोरडवाहू कापूस आहे आणि एकरी चार क्विंटल पिकला. वीस क्विंटल झाला. फुगीर माल म्हणून एका खेपेला तीन क्विंटल धरले तरी सात खेपा होतात. ज्वारी आणि कडबा धरून आणखी आठ-दहा खेपा. वर्षात पंधरा-सतरा खेपांसाठी स्वतःची गाडी, तिचा हप्ता, विमा, टायर आणि उरलेले दिवस गोठ्याशेजारी गंजणे. भाड्याने चालवून हप्ता निघेल म्हणावे, तर गावात अशा चार गाड्या झाल्यावर भाडे कुणाला मिळणार?

आता दुसरा हिशेब करा. रस्ता नाही म्हणून कापूस घरात पडतो. घरातला कापूस बाजार समितीत नेणे जड जाते म्हणून खेडा खरेदीवाला दारात येतो. काटा त्याचा, भाव त्याचा, कट्टी त्याची. क्विंटलला बाजारापेक्षा दोनशे रुपये जरी कमी दिले तरी वीस क्विंटलवर चार हजार गेले. गावात दोन हजार क्विंटल कापूस असेल तर चार लाख गेले, एका वर्षात, एका गावातून. एवढ्या पैशात किती मुरूम पडला असता, याचा विचार गावाने बसून करावा. पांदण नसणे हा भावाचाच प्रश्न आहे. अडचणीत असलेल्या मालाला भाव मिळत नाही.

मग सरकारला आणि पुढाऱ्यांना पांदणीपेक्षा वाहनाची योजना का आवडते? वाहनाच्या चाव्या मंडपात वाटता येतात, हार घालता येतो, फोटो निघतो. पांदणीवर टाकलेल्या मुरमाचा फोटो निघत नाही. त्यात विक्रेत्याला नफा नाही आणि बँकेला व्याज नाही.

रस्ता कायद्यात आहे, नकाशात आहे

पांदण ही मेहेरबानी नाही. आपल्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेने दाखवलेला असतो. तो नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून नकलेची फी भरून कुणालाही मिळतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे, हे विसरू नका. जिथे रस्ताच नाही तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्याधुऱ्याने रस्ता मागता येतो. रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ साली केला. पालकमंत्र्यांच्या नावाची पाणंद योजना २०१८ मध्ये आली, मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. नावे बदलली. आपल्या शिवारात किती मीटर मुरूम पडला, ते प्रत्येक गावाने स्वतः मोजावे.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. पांदण अरुंद करणारा नांगर सरकारचा नसतो. दर वर्षी एक तास सरकवणारा आपल्यातलाच कुणी असतो. त्याच्याही शेतात पुढे जायला रस्ता नसतो, पण शेजाऱ्याचा कोंडला याचे त्याला समाधान असते. ज्या गावात हे भांडण चावडीवर बसून मिटत नाही, त्या गावात कुठलीही योजना उतरत नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव मांडत आहोत.

१. शेतात उतरवण्यासाठी कुणीही कर्ज काढून तीनचाकी घेऊ नये. डांबरी रस्त्यावर भाड्याने चालवायला घ्यायची असेल तर फोर-स्ट्रोक किंवा बॅटरीची घ्यावी. जुनी टू-स्ट्रोक कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

२. शेतातून सडकेपर्यंत बंडी किंवा ट्रॅक्टर आणि सडकेपासून बाजारापर्यंत भाड्याचे वाहन, अशी वाहतूक दहा-दहा घरांनी मिळून ठरवावी. दहा घरांचा माल एकत्र निघाला की बाजारही हाताशी येतो आणि खेडा खरेदीवाल्याचा काटाही सुधारतो.

३. वेचणाऱ्या बायांना मालाच्या हौद्यात बसवू नये. त्यांच्यासाठी प्रवासी वाहन करावे आणि त्याचा खर्च वेचणीच्या खर्चात धरावा. आधारभूत किमतीचा हिशेब मांडताना तो खर्च सरकारपुढे ठेवावा.

४. प्रत्येक गावाने गावनकाशाची नक्कल काढून पांदणींची यादी करावी. मिटतील ती अतिक्रमणे गावात मिटवावीत. उरलेल्यांचे अर्ज कलम ५ आणि कलम १४३ खाली एकाच दिवशी, सर्वांनी मिळून तहसीलवर द्यावेत आणि पोच घेऊनच उठावे.

५. वाहनाच्या अनुदानाआधी पांदण, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

बैठकीला येताना गावनकाशाची नक्कल बरोबर आणा. बंद पांदणींवर लाल पेन्सिलीने रेघ मारून आणा. कोणत्या गावात किती शेतकरी कोंडले आहेत त्याची नावानिशी यादी आणा. इंजिनावर पुढच्या बैठकीत कुणी बोलायला उठला तर त्याला आधी एवढेच विचारा, तुझ्या शेताला वाट आहे का?